मळखाऊ जांभळा

यवतमाळात प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्याला चौघांची गाठ चुकत नाही. बोअरवाला, सेंट्रिंगवाला, वास्तुवाला आणि कलरवाले सर. पहिले तिघे पैसे घेतात आणि आपल्या वाटेने जातात. सर पैसे घेत नाहीत, म्हणून जातही नाहीत.

भिंतीला पुट्टीचा पहिला हात लागला की सर हजर. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. आर्णी रोडच्या लेआउटमध्ये घासलेल्या पुट्टीची पूड उडाली की दारव्हा रोडला सरांना शिंक येते, असं आमच्याकडे म्हणतात. स्कूटर स्टँडवर लावून ते थेट हॉलमध्ये शिरतात, घरधन्याकडे न बघता भिंतीकडे बघतात, तळहात फिरवतात आणि विचारतात, "पश्चिम कुठं?"

घरधनी पश्चिम दाखवतो. सर मान हलवतात. ती अशी हलवतात, की घरधनी आता पश्चिम बदलून घ्यायला तयार होतो.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. चित्रकलेशी त्यांचा नोकरीतला संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला वर्गात फेऱ्या मारण्यापुरता. पण सातव्या वेतन आयोगाचे पैसे हाती आले, तेव्हा जिल्ह्यातल्या निम्म्या मास्तरांनी घराला वरचा मजला चढवला आणि सरांनी शेडकार्ड हाती घेतलं. तेव्हापासून खांद्याला शबनम, शबनममध्ये तीन कंपन्यांची शेडकार्डं, गुंडाळलेला ड्रॉइंग शीट, एक पिवळ्या उजेडाची बॅटरी आणि एक पांढऱ्या उजेडाची. आजाऱ्याचे डोळे तपासावे तशी ते भिंत तपासतात आणि प्रत्येक भिंतीला औषध एकच लिहून देतात. दबलेला जांभळा.

जांभळाच का, याचं उत्तर सरांकडे पाठ आहे. ते म्हणतात, आपल्याकडे रंग शिल्लकच राहिलेले नाहीत. भगवा लावा, लगेच वर्गणीवाले येतात. निळा लावा, जयंतीच्या मिरवणुकीचं पाणी-सरबत तुमच्याच दारात. हिरवा लावला तर शेजारी काही बोलत नाही, पण बोलत नाही हे दिसतं. पिवळा लावला की मोर्चातला माणूस समजून दोघे-चौघे निवेदन घेऊन सहीला येतात. पांढऱ्याला तांड्यावरचा मित्र म्हणतो, "वा, आपला झेंडा," आणि बाकीचे म्हणतात, पैसे संपलेले दिसतात. त्यातल्या त्यात गुलाबी मोकळा होता. २०२४ च्या विधानसभेला तो एका पक्षाच्या जाकिटांनी नेला.

"उरला कोण?" सर विचारतात. तास गणिताचा असल्यामुळे उत्तर तेच देतात. "जांभळा. नवरात्रात नऊ रंगांत एक दिवस येतो, बँकेतल्या बायका त्याच्या साड्या नेसून फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी तो कुणाचाच नसतो. त्याच्या नावानं आजवर एक बस फुटली नाही."

जिल्ह्यात एवढा निरुपद्रवी रंग दुसरा नाही हे खरं. पण निरुपद्रवीपणातही सरांना मर्यादा लागते. भडक जांभळा त्यांना चालत नाही. भडक जांभळा म्हणजे मंगल कार्यालय, आइस्क्रीम पार्लर नाहीतर दुर्गोत्सवाचा मंडप. यवतमाळचा दुर्गोत्सव गावाची शान, पण तिथल्या रोषणाईला नऊ रात्रींनी सुट्टी असते. भिंतीला ती मिळत नाही. म्हणून रंग दबला पाहिजे. त्यात थोडी राख, थोडा धूर, थोडी माती पाहिजे. पाहुण्याला दारातून तो करडा वाटावा, चहा संपेपर्यंत जांभळा वाटावा आणि निघताना त्याने विचारावं, "हा नेमका कोणता कलर हो?" हा प्रश्न आला की सर पास. पाहुणा न विचारता निघून गेला, तर ते त्याला जिन्यापर्यंत सोडायला जातात आणि स्वतःच सांगतात.

या वेडाचं मूळ दारव्ह्याकडच्या एका मावशीच्या माजघरात आहे. तेव्हा घराला रंग म्हणजे चुना. आमच्या जिल्ह्यात चुन्याला तोटा नव्हता. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांतून कळीचा चुना यायचा. दिवाळीआधी तो पिंपात भिजवायचा. पाणी पडताच तो खदखदायचा आणि पोरं भोवती नाचायची. मग गाळायचा, भिंतीला धरावा म्हणून डिंकाचं पाणी घालायचं, पांढरा दिसावा म्हणून नीळ. हौशी घरात पिवडी घालून पिवळा करत. खालचा पट्टा गेरूचा नाहीतर हिरमिजीचा. एका दिवाळीला मावशीच्या हातून निळीची पुडी जरा जास्त सांडली आणि हिरमिजीत बुडवलेला कुंचा कुणीतरी त्याच घमेल्यात टाकला. मावशी म्हणाली, "आता काय चुना फेकून द्यू?" आणि माजघर तसंच सारवलं. चुना वाळल्यावर जी छटा उठली, ती सर गेली कित्येक वर्षं शेडकार्डात शोधत आहेत. मावशीच्या दृष्टीने ती भिंत बिघडली होती. सरांच्या दृष्टीने तेव्हापासून बाकीच्या सगळ्या भिंती बिघडलेल्या आहेत.

शेडकार्डात ती सापडत नाही याचं कारण मॅडमना ठाऊक आहे. मॅडम म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. कार्डावरचा चौकोन नखाएवढा असतो आणि नखाएवढ्या तुकड्यावर कुणी साडी घेत नाही, असं त्यांचं मत. सरांच्या स्वतःच्या घराचा रंग ठरवायची वेळ आली, तेव्हा चार कार्डं, अकरा नंबर आणि दोन भांडणं झाल्यावर मॅडमनी त्यांना सरळ मॅचिंग सेंटरवर नेलं.

मॅचिंग सेंटरचा माणूस हा या जिल्ह्यातला खरा रंगशास्त्री. मागे छतापर्यंत टू-बाय-टू रुबियाचे ठाण, प्रत्येकाची घडी बाहेर डोकावणारी, आणि जांभळ्याच्या एका कप्प्यातच तीस भाऊबंद. मॅडम म्हणाल्या, "जांभळा दाखवा, पण जांभळा नको." एवढ्यावर पेंटच्या दुकानदाराने दुकान बंद केलं असतं. या माणसाने नजर वर केली नाही. "वांगी, कोनफळ, जांभूळ, कांदा, का आमसुली?" त्याने विचारलं आणि उत्तराआधीच सात तुकडे काउंटरवर पसरले.

सर पुढे झाले. "कोनफळ आणि आमसुलीच्या मधला. थोडा राखेकडे झुकलेला."

"आत नका पाहू सर. ट्यूबखाली कलर खोटं बोलते. उजेडात या."

तिघेही दुकानाच्या पायरीवर आले. माणसाने तुकडा उन्हात धरला, मग सावलीत, मग मॅडमच्या मनगटावर टाकला. सरांना त्या क्षणी आपली सगळी नोकरी वाया गेल्यासारखी वाटली. कारण एवढं साधं प्रात्यक्षिक त्यांनी कोणत्याही वर्गात कधी करून दाखवलं नव्हतं. चौथ्या तुकड्याला मॅडमनी मान डोलावली.

"हा मळखाऊ आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."

सरांनी मावशीचं माजघर आठवलं. मॅडमनी नातवाचे हात, कूलरचे शिंतोडे आणि मे महिन्यातली धूळ आठवली. दोघेही एकाच तुकड्यावर येऊन थांबले. संसारात याहून मोठं एकमत होत नाही. वीतभर रुबिया घेऊन दोघं पेंटच्या दुकानात गेली.

पेंटच्या दुकानात आता मशीन असतं. पूर्वी सेठ डब्यात काठी फिरवत "होते, होते, थोडा वेळ द्या" म्हणायचे. आता मुलगा संगणकात नंबर टाकतो, पांढऱ्या बेसच्या डब्यात वरून थेंब-थेंब रंग पडतात आणि डबा दुसऱ्या यंत्रात गदागदा हलतो. सर त्या थेंबांकडे डोळे लावून उभे राहतात. अडचण एकच होती: मशीनला नंबर समजतो, रुबिया समजत नाही. मुलाने कापड स्क्रीनसमोर धरलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "सर, याचा नंबर नाई."

मग सरांनी नंबर काढला. जवळची छटा घेतली, ती जास्त चमकत होती. मुलगा म्हणाला, काळा टाकू. सर गरजले, "काळा अजिबात नाही. काळ्यानं जांभळा मरतो, दबत नाही. याच्यात पिवळा टाक. कणभर." मुलाला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण रंगचक्रात जांभळ्याच्या अगदी समोर पिवळा बसतो, आणि समोरच्या रंगाचा थेंब आत गेला की मूळ रंगाचा भडकपणा उतरतो, हे शास्त्र आहे. सरांची भाषा वेगळी. "विरोधी पक्षातला एक माणूस आपल्यात घेतला की कोणताही पक्ष कसा मवाळ होतो, तसं." सेठना हे लगेच पटलं. ते नगर परिषदेत दोनदा उभे राहिलेले होते.

यानंतर सरांचं खरं गणित सुरू होतं. बारा बाय दहाची एक भिंत, म्हणजे 120 चौरस फूट. दोन हात मारले तर लिटरमागे साधारण शंभर चौरस फूट निघतात. म्हणजे हवे जवळपास सव्वा लिटर. डबा मिळतो एक लिटरचा, नाहीतर चारचा. दुसरा डबा नंतर न्यायचा म्हटलं तर तो तंतोतंत तसाच येईल याची खात्री नाही; एकाच भिंतीवर दोन डबे लागणार असतील तर ते आधी एकत्र ढवळून घ्यावे लागतात, नाहीतर जोड दिसतो. आणि मशीनवर रंगवलेला डबा सेठ परत घेत नाहीत, कारण तसला जांभळा मागणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नाही. म्हणून सर दोन डबे घेतात आणि पाऊण लिटर उरतो. हा उरलेला पाऊण लिटर पुढे इतिहास घडवतो, पण तिथे नंतर येऊ.

सरांचा खरा प्रतिपक्ष म्हणजे पेंटर. पेंटरला सगळे नाना म्हणतात, सरही म्हणतात, वयाने नाना लहान असले तरी. नानांच्या मते जगात रंग दोन: लाइट आणि डार्क. बाकी सगळी गिऱ्हाइकाची नाटकं. डब्यात कंपनीची कूपन निघतात आणि ती पेंटरला मिळतात, त्यामुळे डबा उघडताना नाना शेडकडे पाहतच नाहीत, आधी झाकणाखाली पाहतात.

"नाना, हा हात ओला आहे. आत्ता बघू नका, वाळल्यावर बघा," सर सांगतात.

"मी कायले पाहू जी? मले लावाचा हाय. पाहून तुमीच रायले ना सकाळपासून."

"पण प्राइमर मारला का?"

"मारला."

"आणि भेगा?"

इथे नाना गप्प होतात, कारण भेगांच्या बाबतीत सर बरोबर असतात. आमची काळी माती कपाशीला सोनं आणि घराला शाप. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचं घर दर वर्षी अंग मोडतं. पाया खोल नेला नसेल तर मेमध्ये भिंतीवर केसाएवढी रेघ येते आणि पुढच्या मेपर्यंत तिच्यात पत्ता अडकवता येतो. पांढऱ्या भिंतीवर ती रेघ दिसते, गडद भिंतीवर तर उठून दिसते. दबलेल्या जांभळ्यावर मात्र ती जरा सामावून जाते, हा सरांचा एक आवडता मुद्दा. "पण भेग लपवायची नसते, भरायची असते," असं म्हणून तोच मुद्दा ते स्वतःच खोडतात. ती कोरून, रुंद करून, भरून, वाळवून, घासून मगच रंग. तोवर नाना गच्चीवर जाऊन बिडी ओढून येतात.

पुढचं प्रकरण म्हणजे नमुना. नव्वद टक्के लोक भिंतीवर तीन पट्टे मारतात, त्यांच्याकडे पाहून गोंधळतात आणि शेवटी ऑफ-व्हाइट लावतात. सर भिंतीला हात लावू देत नाहीत. ते ड्रॉइंग शीटवर दोन हात मारतात, वाळवतात आणि तो शीट खोलीभर फिरवतात. सकाळी पूर्वेच्या भिंतीला, दुपारी खिडकीच्या बाजूला, संध्याकाळी सोफ्यामागे, रात्री दिव्याखाली. एखाद्या घरात मुलगी बघायला पाहुणे आले असतील, तरी शीट फिरतच असतो.

हे वेड आहे, पण त्यातलं निदान खरं आहे. जांभळ्याइतका उजेडाला फितूर होणारा रंग दुसरा नाही. उत्तरेच्या खोलीतला उजेड थंड, तिथे तो निळसर पडतो. पश्चिमेच्या हॉलमध्ये एप्रिलचं पिवळं ऊन उतरलं की तोच रंग तपकिरी दिसतो. रात्री 6500 केल्विनची पांढरी ट्यूब लावली तर खोली दवाखाना होते. 3000 च्या आसपासचा पिवळसर दिवा लावला तर निळेपणा उतरतो आणि भिंत शांत होते. म्हणून सरांच्या शबनममध्ये दोन बॅटऱ्या. "भिंत दिवसा पाहुणे पाहतात, रात्री आपण पाहतो," ते म्हणतात. "मग दिवा आधी ठरवा, रंग मागून."

दिवा म्हटल्यावर सरांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख निघतं. ते म्हणजे पीओपी. हल्ली प्रत्येक नव्या हॉलला पीओपीचं छत लागतं, त्याच्या खाचेत एलईडीची पट्टी दडवतात आणि ती पट्टी रिमोटवर सात रंग बदलते. त्यात एक जांभळा असतो. सरांनी महिनाभर खपून, विरोधी पक्षातला थेंब घालून, मावशीच्या माजघरापर्यंत आणलेल्या भिंतीवर घरधन्याचा मुलगा वाढदिवसाला तो जांभळा सोडतो आणि वर विचारतो, "सर, मॅचिंग झालं ना?" अशा घरात सर केक खात नाहीत.

जोडीच्या रंगांचे त्यांचे नियम मात्र ऐकण्यासारखे आहेत आणि ज्यांनी ऐकले त्यांचे हॉल चांगले दिसतात, हे त्यांच्या विरोधकांनाही कबूल आहे. चारही भिंती जांभळ्या करायच्या नाहीत. एकच, आणि ती टीव्हीमागची नव्हे, कारण तिथे रंग पाहायला कुणी बसत नाही. सोफ्यामागची करायची. बाकीच्या तीन आणि छत पांढरं, पण दुकानातला कोरा पांढरा नको. त्याच्या शेजारी दबलेला जांभळा मळलेला वाटतो. किंचित पिवळसर पांढरा हवा. खाली हस्तिदंती टाइल असेल तर उत्तम, आणि आमच्याकडे ती असतेच, कारण टाइल घेतानाही माणूस धाडस करत नाही.

दरवाजा सागवानाचा. यावर सर थोडे भावुक होतात. जिल्ह्याच्या जंगलातला साग, त्याला मधाच्या रंगाचं पॉलिश. पिवळा-तांबूस लाकडी रंग आणि जांभळी भिंत शेजारी आले की दोघेही उजळतात. डब्यात घातला तर जो पिवळा जांभळ्याला मवाळ करतो, तोच शेजारी उभा राहिला की त्याला खुलवतो. पितळेची समई, हळदी रंगाची एखादी उशी, मेंदीच्या हिरव्यातला पडदा, कोपऱ्यात कुंडी, एवढ्यावर थांबायचं. राणी रंगाचा पडदा लावणाऱ्याशी सर बोलणं टाकतात. मरून सोफा आधीच घेतलेला असेल, तर ते त्यावर चादर घाला म्हणून सुचवतात, आणि ती कोणती हे सांगायला दुसऱ्या दिवशी परत येतात.

कूलरची खिडकी हा शेवटचा नियम. आमच्याकडे मार्च ते जून कूलर चालतो आणि त्याच्या खालच्या भिंतीला ओल येते, मग पापुद्रे, मग पांढरा खारवट थर. त्या भिंतीला जांभळा लावायचा नाही. "ज्या भिंतीला चार महिने सर्दी असते, तिला नवं लुगडं कशाला?" सर म्हणतात. हे ऐकून वास्तुवाला पंडित एकदा उठून गेला. त्याने तीच भिंत, तोच रंग आणि तीच दिशा शुभ सांगितली होती.

फुरसत असली तर सर इतिहासात शिरतात. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन बनवायला बसला. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर त्याची खटपट चालली होती. क्विनाइन झालं नाही, भांड्यात काळा गाळ उरला, आणि तो स्पिरिटने धुताना जांभळा उतरला. पहिला कृत्रिम कापडरंग तो. प्राचीन काळी उंची जांभळा म्हणजे समुद्री गोगलगाईंपासून काढलेला, बादशहांनाच परवडणारा. दोन वर्षांनी व्हिक्टोरिया राणी मुलीच्या लग्नाला फिक्या जांभळ्या रेशमात उभी राहिली आणि सगळं लंडन त्या रंगामागे लागलं.

"म्हणजे हा रंग कोळशातून निघाला," सर थांबतात. "आणि आपल्या वणीला कोळसा किती?"

श्रोता सांगतो, भरपूर.

"आपण त्याची फक्त वीज करतो. कलर एक नाही."

वणीचा श्रोता असला तर तो उत्तर देतो. वणीला कोळशाचे ट्रक इतके धावतात, की तिथे भिंतीला कोणताही भडक रंग लावा, दोन वर्षांत धूळ बसून तो आपोआप दबतो. पिवळ्या थेंबाची गरज पडत नाही. सरांना हे उत्तर आवडत नाही. फुकट मिळणाऱ्या छटेला ते छटा मानत नाहीत.

आता तो पाऊण लिटर. रंगवलेला डबा परत होत नाही, फेकवत तर मुळीच नाही. हा सगळा मध्यमवर्गाचा पिंड. मग उरलेला जांभळा तुळशीच्या कट्ट्याला लागतो, कुंड्यांना लागतो, कंपाउंडच्या आतल्या बाजूला लागतो. तरी वाटीभर उरतो, तो शेजारी मागून नेतात आणि गाडीच्या शेडची भिंत करून टाकतात. ती बघून पलीकडचा म्हणतो, याचा नंबर काय? असं करत करत आमच्या लेआउटमध्ये पाच वर्षांत निम्म्या घरांना कुठे ना कुठे तो जांभळा लागला. पोस्टमन पत्ता विचारताना "जांभळी लाइन" म्हणू लागला. सर सकाळी फिरायला निघाले की मालकासारखे चालत.

आणि मग शिक्षकांच्या पतसंस्थेची निवडणूक लागली.

मास्तरांच्या पतसंस्थेची निवडणूक म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याने विधानसभा पाहून अंदाज करू नये. विधानसभा फार सौम्य असते. दोन पॅनेल पडली. एकाचे तीन उमेदवार आमच्याच लेआउटचे. प्रेसवाल्याने विचारलं, पत्रकाला रंग कोणता देऊ? भगवा, निळा, हिरवा, कोणताही घेतला तरी पन्नास मतं तुटणार. उमेदवारांनी एकमेकांकडे पाहिलं, खिडकीतून समोरच्या कंपाउंडकडे पाहिलं आणि म्हणाले, हा द्या, हा कुणाचाच नाही.

सरांचं तत्त्वज्ञान याहून शुद्ध स्वरूपात आजवर कुणी आचरणात आणलं नव्हतं. पत्रकं छापली, बॅनर लागले, उपरणीसुद्धा त्याच छटेची आली. मॅचिंग सेंटरवाल्याने अख्खा ठाण काढून दिला. चार दिवसांत तालुक्याला ते जांभळं पॅनेल झालं. पाचव्या दिवशी विरोधी पॅनेलचे लोक प्रचाराला आले आणि आमच्या लेआउटच्या कोपऱ्यावरून मागे वळले. त्यांनी कट्टे, कुंड्या आणि कंपाउंड पाहिले होते. जे कोणत्याच पॅनेलचे नव्हते, त्यांच्या घरांचीही यादी झाली. एका भगिनीची कर्जफाइल टेबलावर अडून राहिली, ती तुळशीच्या कट्ट्यामुळे, असं त्या आजही सांगतात.

नानांचा फोन दिवसभर वाजू लागला. संध्याकाळी ते सरांच्या दारात आले. सर ओट्यावर शेडकार्ड घेऊन बसले होते. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. चार नव्या पानांना त्यांनी खुणा घातलेल्या दिसत होत्या.

"सर, सात घरं कलर पालटून मागून रायले," नाना म्हणाले. "म्हन्ते, हा आता पार्टीचा कलर झाला. काय लावून देऊ सांगा. मले काय, कूपन कोनत्याबी डब्यात निंघते."

मॅडम आतून म्हणाल्या, "अहो, भिंती मळल्या तरी आहेत का? कशाला पालटता?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि आयुष्यभर बरोबर उत्तरं देत आलेल्या माणसाच्या शांतपणाने सांगितलं, "नाना, रविवारपर्यंत कुणाच्या भिंतीला हात लावू नका. रविवारी निकाल आहे. पॅनेल हरलं तर जांभळाच ठेवा. हरलेल्यांचा रंग कुणी मागत नाही, तो परत मोकळा होतो. आणि निवडून आलंच," त्यांनी कार्ड मिटून शबनममध्ये टाकलं, "तर सोमवारी सातही घरांची पुट्टी बघायला मी येतो."